नव्या करारातले ग्रीक आकडे: अर्थ लावायच्या आधी काय काय बघायचं

बायबल स्टडीत, संडे स्कूलच्या तयारीत आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सॲपवर एकच प्रकार सारखा दिसतो. कोणीतरी वचनातला आकडा उचलतं, "७ म्हणजे परिपूर्णता, ५ म्हणजे कृपा, ८ म्हणजे नवी सुरुवात" अशी एक यादी आधीच फॉरवर्ड होऊन आलेली असते, ती त्या आकड्याला चिकटवली की संदेश तयार. तिथे मूळ ग्रीकमध्ये कुठला शब्द आहे, तो मोजणी सांगतोय का क्रम का "इतक्या वेळा", नेमका आकडा आहे का अंदाज, हे कोणी बघत नाही. आकड्याचा गूढार्थ ही शेवटची पायरी आहे आणि बऱ्याच वचनांत ती पायरी नसतेच, पण सगळे सुरुवात तिथूनच करतात.

ग्रीक येत नाही म्हणून असं होतं असंही नाही. खाली दिलेलं बहुतेक काम फोनवर, ग्रीक न शिकता करता येतं, फक्त ऑर्डर मोडायची नाही.

## तयारी

दोन मराठी भाषांतरं जवळ ठेवा, एक बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं आणि एक सोप्या मराठीतलं. दोन्हीत आकडा वेगळा छापलेला दिसला तर समजायचं की इथे काहीतरी भानगड आहे, आणि हीच वचनं आधी तपासायची. ग्रीकसाठी स्टेप बायबल ही साइट फुकट आहे, केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-अभ्यास केंद्रात तयार झालेली. शब्दावर बोट ठेवलं की मूळ रूप, लिंग, विभक्ती सगळं दिसतं. हे जमत नसेल तर स्ट्राँग नंबर (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला क्रमांक) असलेलं कुठलंही ॲप चालेल.

मग ही शब्दांची पट्टी वहीत उतरवून घ्या. १ हेइस, मिया, हेन (तिन्ही "एक"च, पण पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी), २ दुओ, ३ त्रेइस, ४ तेस्सारेस, ५ पेन्ते, ६ हेक्स, ७ हेप्ता, ८ ओक्तो, ९ एन्नेआ, १० देका, ११ हेन्देका, १२ दोदेका, २० एइकोसी, १०० हेकातोन, १००० खिलिओई, १०,००० मुरिओई. पाठ करायला सोपं आहे कारण संस्कृत आकडे यांचे नातेवाईकच आहेत. द्वि-दुओ, त्रि-त्रेइस, पंच-पेन्ते, अष्ट-ओक्तो, दश-देका, आणि सप्तमधला स जाऊन तिथे ह आला की हेप्ता.

शब्दांच्या शेपट्याही लिहून ठेवा, पुढे सगळं काम त्यांच्यावर आहे. शेवटी -कोन्ता आलं की दशक (त्रिआकोन्ता ३०, हेब्दोमेकोन्ता ७०), -कोसिओई आलं की शेकडा (हेक्साकोसिओई ६००), -किस आलं की "इतक्या वेळा" (हेप्ताकिस म्हणजे सात वेळा).

## टप्पा १: तिथे खरंच आकडा आहे का ते बघा

हा टप्पा हास्यास्पद वाटेल, पण नवशिक्यांची सगळ्यात जास्त दांडी इथेच उडते. ग्रीकमध्ये तीन जोड्या अशा आहेत की अक्षरं तीच, फरक फक्त वरच्या बारीक चिन्हांचा. हेइस म्हणजे एक, पण एइस म्हणजे "च्या आत, कडे". हेन म्हणजे एक, एन म्हणजे "मध्ये". हेक्स म्हणजे सहा, एक्स म्हणजे "च्यातून".

ओळखायचं कसं? पहिल्या स्वरावर स्वल्पविरामासारखं चिन्ह असतं, दोन स्वर जोडून असतील तर ते दुसऱ्यावर बसतं. त्याचं तोंड उजवीकडे उघडं असेल तर "ह" उच्चारायचा, डावीकडे उघडं असेल तर नाही. मोबाइलवर हे इतकं बारीक दिसतं की झूम केल्याशिवाय बोलूच नका.

आता मार्क ४:८ उघडा, पेरणाऱ्याचा दाखला. बी तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतं. आजच्या छापील ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी हेन आहे, म्हणजे "एक तीस, एक साठ, एक शंभर" अशी रचना. पण जुनी हस्तलिखितं सगळी मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता आणि बहुतेक वेळा ही चिन्हं न देता लिहिलेली, त्यामुळे तिथे दोन अक्षरं दिसतात आणि ती हेन का एन हे वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि काही प्रतींत तर एइस आहे. पिकाच्या हिशोबात याने काही बिघडत नाही, पण या "एक"वर कोणी अख्खा संदेश उभा करत असेल तर पाया भुसभुशीत आहे हे कळलेलं बरं.

इशारा: स्ट्राँगच्या यादीत हेइस आणि हेन १५२० नंबरखाली आहेत, आणि मिया वेगळा, ३३९१. फक्त १५२० सर्च करून "नव्या करारात एक हा शब्द इतक्या वेळा आला" असं सांगाल तर स्त्रीलिंगी "एक" सगळे सुटलेले असतील.

## टप्पा २: तो आकडा काम काय करतोय?

आकड्याचं काम पाच-सहा प्रकारचं असू शकतं. नुसती मोजणी, क्रम, "इतक्या वेळा", हिस्सा, पट, आणि "दोन-दोन करून" अशी वाटणी. कुठलं आहे ते वहीत लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सगळ्यात घोळ क्रम आणि हिस्सा यात होतो. प्रकटीकरण ८:१० मध्ये तिसरा देवदूत कर्णा वाजवतो आणि मोठा तारा नद्यांच्या तिसऱ्या हिश्श्यावर पडतो. देवदूताला त्रितोस, हिश्श्याला तो त्रितोन (हा "तो" ग्रीक उपपद आहे, मराठी "तो" नव्हे), मूळ शब्द एकच. पहिला क्रम, दुसरा एक-तृतीयांश. ६:८ मधला तो तेतार्तोन म्हणजे एक-चतुर्थांश, "चौथा" नाही. आणि हाच तो त्रितोन योहान २१:१७ मध्ये "तिसऱ्यांदा" या अर्थी येतो, येशू पेत्राला तिसऱ्यांदा विचारतो तिथे. म्हणजे नुसता शब्द बघून भागत नाही, बाजूला "नद्यांचा", "पृथ्वीचा" असं काही षष्ठीतलं आहे का तेही बघायचं. असेल तर बहुधा हिस्सा.

"वेळा"वाल्या शब्दांत हापाक्स (एकदा), दिस (दोनदा), त्रिस (तीनदा) हे बिनशेपटीचे, बाकीच्यांना -किस. हापाक्सचा थोरला भाऊ एफापाक्स. इब्री १०:१० मध्ये त्याचा अर्थ "एकदाच, कायमचं" असा आहे आणि त्यावर उत्तम संदेश होतात, पण तोच एफापाक्स १ करिंथ १५:६ मध्ये आहे, पाचशेच्या वर भावांना येशू दिसला तिथे, आणि तिथे अर्थ "एकाच वेळी" एवढाच. इब्रीचा अर्थ उचलून करिंथात टाकला की वाट लागते.

मत्तय १८:२२ हे तर हमखास वादाचं वचन. पेत्र विचारतो हेप्ताकिस, सात वेळा क्षमा करू का? उत्तर येतं हेब्दोमेकोन्ताकिस हेप्ता. तोडून बघा. हेब्दोमेकोन्ता ७०, -किस म्हणजे वेळा, आणि पुढे नुसतं हेप्ता, त्याला -किस नाही. सत्तर गुणिले सात म्हणजे ४९० घ्यायचं का सत्याहत्तर वेळा? भाषांतरं दोन्ही करतात. माझं मत ७७ कडे झुकतं, कारण उत्पत्ती ४:२४ मध्ये लामेख सूड किती पट घेणार ते सांगतो तिथे हिब्रूत सरळ ७७ आहे आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तिथे अक्षरशः हेच दोन शब्द आहेत. लामेखाचा सूड उलटवून क्षमेला लावलाय हे मग दिसतं, ते ४९० च्या गुणाकारात दिसत नाही. पण ४९० म्हणणाऱ्याशी भांडायला जाऊ नका, व्याकरणाने तेही बसतं.

वाटणीचं काम मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. मार्क ६:७ मध्ये येशू बारा जणांना दुओ दुओ पाठवतो. आपण "दोन-दोन" म्हणतो तसंच, शब्द दोनदा आला म्हणून दोन गुणिले दोन नाही.

चेक: वचन वाचून "किती?" विचारलं तर उत्तर येतंय, का "कितवा?" विचारल्यावर, का "किती वेळा?" विचारल्यावर? तिन्हीपैकी एकच नीट बसलं पाहिजे.

## टप्पा ३: "एक" असेल तर लिंग बघा

मराठीत आपण दोघे-दोघी, तिघे-तिघी असा फरक करतो पण "एक" सगळ्यांना सारखाच. ग्रीकचं याच्या उलट, लिंग सगळ्यात ठळक दिसतं ते "एक"मध्येच, त्यामुळे मराठी भाषांतरात ते गायब होणारच. इफिस ४:५ मध्ये तिन्ही रूपं एका ओळीत आहेत. प्रभू एक (हेइस), विश्वास एक (मिया), बाप्तिस्मा एक (हेन). सरावाला यापेक्षा चांगलं वचन नाही.

आता योहान १०:३०, "मी आणि पिता एक आहोत". इथे हेन आहे, नपुंसकलिंगी. म्हणजे "एकच व्यक्ती" असं हा शब्द म्हणत नाही, तसं म्हणायला हेइस लागला असता. इथपर्यंत बरेच जण येतात आणि मग उत्साहाच्या भरात त्रैक्याचा सगळा सिद्धांत त्या एका हेनमधून बाहेर काढतात. थांबा आणि १ करिंथ ३:८ बघा. लावणारा आणि पाणी घालणारा "एक" आहेत, तिथेही हेनच आहे, आणि तिथे विषय पौल आणि अपुल्लो यांच्या कामाचा आहे. म्हणजे शब्द "एकजीव, एका बाजूचे" इतकंच देतो, त्यापुढचं योहानाच्या दहाव्या अध्यायातल्या बाकीच्या वाक्यांतून यायला हवं. गलती ३:२८ मध्ये मात्र "तुम्ही सर्व एक" म्हणताना पुल्लिंगी हेइस आहे, जणू सगळे मिळून एक माणूस. हा फरक मराठीत वाचून कधीच कळणार नाही.

आणखी दोन गोष्टी झटपट. हेइस कधीकधी "कोणी एक" एवढाच असतो, मत्तय ८:१९ मधला शास्त्री बघा, तिथे "एकच शास्त्री" असा जोर नाही. आणि मिया सब्बातोन म्हणजे "एक शब्बाथ" नाही, "आठवड्याचा पहिला दिवस", म्हणजे रविवार (मार्क १६:२). इथे मोजणीचा शब्द क्रमाचं काम करतोय.

## टप्पा ४: मोठा आकडा फोडून लिहा

आपण चोवीस म्हणताना चार आधी आणि वीस नंतर. ग्रीकमध्ये वीसच्या पुढे मोठा आधी येतो, प्रकटीकरण ४:४ मधले वडील एइकोसी तेस्सारेस, वीस-चार. अकरा-बाराला मात्र आपल्यासारखंच लहान आधी (दो-देका), आणि चौदाला परत उलटं, देकातेस्सारेस. त्यामुळे डोक्यात भाषांतर न करता कागदावर बेरीज मांडा.

हजारांचे शब्द "वेळा"च्या शेपटीने बनतात. पेन्ताकिस-खिलिओई म्हणजे पाच वेळा हजार, ५०००. मार्क ६:४४ मध्ये हा आकडा आहे आणि शेजारी आन्द्रेस शब्द आहे, म्हणजे पुरुष. मत्तय १४:२१ स्पष्टच सांगतो की बायका-मुलं धरलेली नाहीत. "पाच हजार लोकांना जेवण" हे आपण सगळेच म्हणतो, पण आकडा सगळ्या लोकांचा नाही.

मुरिओईचं एकवचनी नाम मुरिआस, म्हणजे दहा हजार, संस्कृतातलं अयुत. हा ग्रीकमधला सगळ्यात मोठा स्वतंत्र आकडा-शब्द, याच्या पुढे गुणाकारच. प्रकटीकरण ९:१६ मधलं घोडदळ दिसमुरिआदेस मुरिआदोन: दोन गुणिले दहा हजार गुणिले दहा हजार, झाले वीस कोटी. काही भाषांतरांत "दोनशे दशलक्ष" असं काहीतरी दिसतं, घाबरू नका, तेच आहे.

मत्तय १८:२४ मधलं कर्ज मुरिओई तालांत. एक तालांत सुमारे ६००० दिनार, म्हणजे सहा कोटी दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज (मत्तय २०:२). दुसऱ्या दासाचं कर्ज शंभर दिनार. हा हिशोब मांडला की दाखल्यातली अतिशयोक्ती मुद्दाम आहे हे कळतं: सगळ्यात मोठा आकडा-शब्द आणि पैशाचं सगळ्यात मोठं माप एकत्र बसवलंय.

आणि २ करिंथ ११:२४. पौल म्हणतो पेन्ताकिस, पाच वेळा, मला यहुद्यांकडून तेस्सेराकोन्ता पारा मियान फटके बसले. चाळीस, एक कमी. आपण एकोणचाळीस म्हणतो त्यात एक-ऊन-चाळीस हाच हिशोब दडलाय, इतका रोजचा की ऐकूही येत नाही, ग्रीकमध्ये मात्र ३९ ला साधा शब्द असताना हा मुद्दाम वापरलाय. का? अनुवाद २५:३ मध्ये चाळीसची मर्यादा आहे, ती चुकून ओलांडली जाऊ नये म्हणून एक कमी मारायचा यहुदी रिवाज, आणि शिक्षेला लोक म्हणायचेच "चाळीसला एक कमी". म्हणून इथे "३९ या संख्येचा गूढार्थ" शोधत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास. एकूण फटके हवे असतील तर ५ गुणिले ३९, १९५.

## टप्पा ५: नेमका का अंदाजे?

आकड्याच्या आधी होस किंवा होसेई आहे का बघा. असेल तर लेखक स्वतःच सांगतोय की "सुमारे". लूक ३:२३ मध्ये येशूचं वय होसेई तीस. प्रेषितांची कृत्ये १:१५ मध्ये जमाव होसेई १२०. मार्क ५:१३ मध्ये डुकरं होस दोन हजार. एपानो असेल तर "च्या वर". असं असताना "१२० म्हणजे बरोब्बर १२ गुणिले १०" यावर इमारत बांधायची म्हणजे लेखकाला न विचारता त्याचा अंदाज नेमका करणं.

काही वेळा होस नसतो तरी आकडा गोलच असतो. आपण "चार लोक काय म्हणतील" म्हणतो तेव्हा चौघांची नावं कोणी विचारत नाही, आणि "असे छप्पन पाहिलेत" म्हणणाऱ्याने छप्पन मोजलेले नसतात. १ करिंथ ४:१५ मधले मुरिओई गुरू किंवा १४:१९ मधले मुरिओई शब्द हे त्याच जातीचे.

आणि एक प्रकार म्हणजे आकडा नाव होऊन बसलेला. होई दोदेका, "ते बारा". १ करिंथ १५:५ म्हणतं पुनरुत्थानानंतर येशू बारांना दिसला. यहूदा इस्कर्योत गेलेला, त्याच्या जागी मत्थियाची निवड नंतर झालेली, मग बारा कसे? काही नक्कलकारांनाही हा प्रश्न पडला असणार, कारण काही हस्तलिखितांत तिथे अकरा करून टाकलंय. गरज नव्हती, "बारा" हे गटाचं नाव होतं. योहान २०:२४ मध्ये थोमाही "बारांपैकी एक"च आहे. शताधिपतीचंही तसंच, हेकातोन्तार्खेस म्हणजे शंभरांचा नायक, पण त्याच्या हाताखाली शंभरच शिपाई असतील असं नाही.

## टप्पा ६: दिवस आणि तास असतील तर मोजायची पद्धत बदला

इथे आजचं घड्याळ आणि कॅलेंडर बाजूला ठेवायचं. दिवस मोजताना सुरुवातीचा दिवसही धरला जायचा. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. "तिसऱ्या दिवशी" आणि "तीन दिवसांनंतर" यात विरोध आहे असं वाटत असेल तर मत्तय २७:६३-६४ वाचा, मुख्य याजक पिलाताला एका दमात सांगतात की तो "तीन दिवसांनंतर उठेन" म्हणाला होता, म्हणून "तिसऱ्या दिवसापर्यंत" कबरीवर पहारा ठेवा. त्यांच्या दृष्टीने दोन्ही एकच. ७२ तासांचा हिशोब लावून गुड फ्रायडे बुधवारी नेणारे लोक हे वचन सहसा वगळतात.

योहान २०:२६ मध्ये "आठ दिवसांनंतर" शिष्य परत घरात जमले, या वेळी थोमाही होता. इंग्रजी वाचणारे इथे बोटं मोजतात. आपल्याला गरज नाही, रविवारी भेटलेल्या माणसाला आपण "आठ दिवसांनी ये" म्हणतो तेव्हा तो पुढच्या रविवारीच येतो. पेन्तेकोस्ते म्हणजे पन्नासावा (दिवस), तोही असाच सात आठवडे अधिक एक असा मोजलेला.

तासांचं म्हणाल तर दिवस उजाडण्यापासून मावळेपर्यंत बारा तासांचा (योहान ११:९). तिसरा तास म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, सहावा दुपारी बारा, नववा दुपारी तीन, आणि द्राक्षमळ्यातला अकरावा तास म्हणजे संध्याकाळी पाच, काम संपायला एक तास उरलेला. उन्हाळ्यात हे तास लांब, हिवाळ्यात आखूड, त्यामुळे मिनिटावर जाऊ नका.

इशारा: मार्क १५:२५ मध्ये वधस्तंभाची वेळ तिसरा तास आणि योहान १९:१४ मध्ये पिलातासमोर सहावा तास आहे. काही हस्तलिखितांनी योहानात "तिसरा" करून हे जुळवून टाकलंय. तुम्हीही संदेशात गुपचूप जुळवू नका, फरक आहे हे सांगा.

## टप्पा ७: हस्तलिखितांत आकडा बदलतो का?

आज छापील ग्रीकमध्ये आकडे शब्दांत असतात, पण नक्कलकार बऱ्याचदा अक्षरांत लिहायचे आणि वर एक आडवी रेघ मारायचे. ग्रीकांना वेगळे अंक नव्हते, अक्षरंच अंक. आल्फा १ पासून थीटा ९ (मध्ये सहासाठी स्तिग्मा हे खास चिन्ह), आयोटा १०, कापा २०, लॅम्डा ३०, म्यू ४०, न्यू ५०, क्सी ६०, ओमिक्रॉन ७०, पाय ८०, नव्वदसाठी कोप्पा, मग ऱ्हो १००, सिग्मा २००, टाउ ३००, उप्सिलॉन ४००, फाय ५००, खी ६००, प्साय ७००, ओमेगा ८००, आणि ९०० साठी साम्पी.

यातून चूक कशी होते ते प्रेषितांची कृत्ये २७:३७ मध्ये जवळून बघता येतं. वादळात सापडलेल्या जहाजावर २७६ माणसं. पण व्हॅटिकनस या फार जुन्या आणि नावाजलेल्या हस्तलिखितात "सुमारे ७६" आहे. दोनशे माणसं गेली कुठे? ग्रीकमध्ये आकड्याच्या आधी "जहाजात" हा शब्द आहे, तो ओमेगावर संपतो. २७६ अक्षरांत लिहिलं की सिग्मा-ओमिक्रॉन-स्तिग्मा. शब्दांत जागा नाही, म्हणून ओमेगाला सिग्मा चिकटला, आणि ओमेगा-सिग्मा म्हणजे होस, "सुमारे". मागे उरलं ओमिक्रॉन-स्तिग्मा, ७६. एका अक्षराची सरमिसळ. शिवाय "सुमारे ७६" हे ऐकायलाही विचित्र आहे, सुमारे म्हणणारा माणूस ७५ म्हणेल.

लूक १० मधले पाठवलेले शिष्य सत्तर का बाहत्तर? जुन्या हस्तलिखितांपैकी व्हॅटिकनस आणि बेझे ७२ म्हणतात, सिनाईटिकस आणि अलेक्झांड्रिनस ७०. आजच्या अभ्यासकी आवृत्तीत "दोन" हा शब्द चौकटी कंसात आहे, म्हणजे संपादकांनाही खात्री नाही. उत्पत्ती १० मधली राष्ट्रंही हिब्रूत ७० आणि ग्रीक भाषांतरात ७२ मोजली जातात, म्हणून "सर्व राष्ट्रांसाठी" हा अर्थ दोन्हीकडे लागतो. असा मुद्दा असेल तर जरूर बोला, पण "बरोबर सत्तरच" यावर टिकणारा मुद्दा सोडून द्या.

## टप्पा ८: आता अर्थ, आणि तोही मजकुराला विचारून

पहिला प्रश्न: लेखक स्वतः आकड्याकडे बोट दाखवतोय का? प्रकटीकरण १:२० मध्ये सात तारे म्हणजे काय ते तिथेच सांगितलंय. मत्तय १:१७ मध्ये तीन वेळा चौदा पिढ्या मुद्दाम मोजून दाखवल्यात. मार्क ८:१९-२० मध्ये येशू स्वतः शिष्यांना विचारतो, पाच हजारांच्या वेळी टोपल्या किती उचलल्या? बारा. आणि चार हजारांच्या वेळी? सात. इथे आकड्यावर थांबायला मजकूरच सांगतोय.

बोट नसेल तर सावध. योहान ५:२ मधल्या बेथेस्दा तळ्याच्या पाच पडव्या ऑगस्टिन या जुन्या चर्चमधल्या धर्मपंडिताने मोशेची पाच पुस्तकं म्हणून वाचल्या. पुढे जेरुसलेममध्ये संत ॲनच्या चर्चजवळ उत्खनन झालं तेव्हा दोन जोडतळी मिळाली, चारी बाजूंना पडव्या आणि मधल्या भिंतीवर पाचवी, अशी रचना तिथे बसते. योहान तळं कसं दिसायचं ते सांगत होता. १५३ माशांचंही (योहान २१:११) तेच, १ ते १७ ची बेरीज १५३ येते हे खरं आहे, पण योहान त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

६६६ या श्वापदाच्या आकड्याचं वेगळं, कारण प्रकटीकरण १३:१८ उघडपणे म्हणतं की हिशोब करा. अक्षरांची बेरीज करून नाव सांगायची तेव्हा पद्धतच होती, इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत एका भिंतीवर कोणीतरी लिहून ठेवलंय की जिचा आकडा ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे. सरावाला येशूचं ग्रीक नाव घ्या, इएसूस: १० + ८ + २०० + ७० + ४०० + २०० = ८८८. आता नीरो कैसर हिब्रू अक्षरांत: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. लॅटिन वळणाने शेवटचा नून काढला की ६१६, आणि नेमका हाच पर्यायी आकडा इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसला सापडलेल्या पपायरस ११५ या हस्तलिखितात आणि एफ्राएमी हस्तलिखितात आहे. म्हणून बरेच अभ्यासक नीरोकडे झुकतात, मीही.

पण इरेनियस या सुरुवातीच्या चर्चमधल्या बिशपने इ. स. १८० च्या सुमारास ६१६ ही नक्कलेची चूक म्हणून नाकारली, ६६६ ला बसणारी तीन नावं स्वतः दिली, आणि तरी सांगितलं की घाईने नाव ठरवू नका. भाषा आणि स्पेलिंग आपल्या सोयीने बदलायची मुभा घेतली की कुठल्याही नेत्याचं नाव ६६६ ला बसतं. म्हणून भाषा आधी ठरवा, स्पेलिंग त्या काळात खरंच वापरात होतं का बघा, आणि मगच बेरीज.

इशारा: ग्रीक कीबोर्डवर ६६६ टाइप करताना स्तिग्माच्या जागी शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा पडतो, दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. सिग्मा २०० आहे, म्हणजे तुमचा आकडा ८६० होऊन बसतो.

## टप्पा ९: नोंद लिहा, मग बोला

प्रत्येक वचनाला चार-पाच ओळी पुरतात, आणि जी ओळ रिकामी राहील ती रिकामी ठेवायची, यादीतून भरायची नाही. लूक १९:८ चा नमुना देतो, जकातदार जक्कयचा.

शब्द: हेमिसिआ (अर्धे) आणि तेत्राप्लून (चौपट).
काम: पहिला हिस्सा, दुसरा पट. मोजणी कुठेच नाही.
नेमका का अंदाजे: आधी होस नाही, जक्कय स्वतः बोली लावतोय.
हस्तलिखितं: अर्धेच्या स्पेलिंगमध्ये फरक, आकड्यात नाही.
मजकूर आकड्याकडे बोट दाखवतो का: थेट नाही, पण निर्गम २२:१ मध्ये चोरलेल्या मेंढराच्या बदल्यात चार मेंढरं द्यायची आहेत, आणि जक्कय चोराचा दर स्वतःला लावून घेतोय असं म्हणायला जागा आहे.
"४ म्हणजे पृथ्वीच्या चार दिशा": रिकामं.